सहा डोसांची पट्टी

॥ श्री ॥

उमरगा,
ता. ९ सप्टेंबर १९५८

ती. अक्कास,

बाबूचा साष्टांग नमस्कार. इथं सगळे खुशाल, असं लिहून पुढं जायची रीत आहे, म्हणून मीही लिहितो. शारदा ठीक, मी ठीक. चारूची तब्येत जरा बरी नाही, पण फिकीर करण्यासारखं काही नाही.

दाजींना जाऊन आज सव्वीस दिवस झाले. तेराव्याला तुळजापूरला आलो तेव्हा तुझ्याशी चार शब्द निवांत बोलायचं मनात होतं. पण घर पाहुण्यांनी भरलेलं, तू आतल्या खोलीत बायकांत बसलेली. विष्णूनं एस.टी.ची वेळ झाली म्हणून घाई केली आणि मी निघालो. खोटं कशाला लिहू, घाई मलाही होती.

आता पत्ता लिहायला बसलो तर हात अडला. इतकी वर्षं तुझ्या नावाआधी 'सौ.' लिहिण्याची सवय. या खेपेला नुसतं 'वनमालाबाई' लिहिलं आहे. तुला काय वाटेल, ठाऊक नाही.

विष्णू देवळातलं काम नीट सांभाळतो का? पुतण्या गुणी आहे, पण सोलापूरच्या गाडीतून उतरणारे यजमान आधी दाजींनाच विचारत असतील आणि रोज त्याला तेच उत्तर द्यावं लागत असेल. त्याला म्हणावं, काका सांगायचे तसं हळू बोलत जा, लोक गोंधळतात.

तुझी पूजेतली तांब्याची पळी इथंच राहिली आहे. दाजींची खाट होती त्या मागच्या खोलीतल्या कोनाड्यात सापडली. तिला पुदिन्याचा वास येतो. शारदानं चिंचेनं दोनदा घासली तरी जात नाही. दवाखान्याला लागूनच आमच्या खोल्या. इथं माझ्या सदऱ्यापासून भाकरीपर्यंत सगळ्यालाच औषधांचा वास, तेव्हा पळीला लागला तर नवल नाही. कुणी तिकडं येणारं भेटलं की पाठवतो.

आता चारूचं. तिला रोज सकाळी मळमळतं. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदनाला उभी होती, तिथं पहिल्यांदा उलटी झाली. आदल्याच दिवशी घरातून दाजी गेलेले, पोटात अन्न नव्हतं, ऊन लागलं असेल, म्हणून आम्ही सोडून दिलं. पण तेव्हापासून एक दिवस चुकला नाही. उठली की उजवा हात पोटावर ठेवून भिंतीला टेकून बसते. भाकरीचा वास नको, दुधाचा नको. दुपारी थोडं ओसरतं, दिवेलागणीला परत. डॉक्टरसाहेबांनी जंताचं औषध दिलं. जंत काही पडले नाहीत.

पोटावर हात ठेवायची लकब दाजींची. हे शारदाच्या आधी ध्यानात आलं. "ढवळतंय" हा शब्दही त्यांचाच. 'मामांना असंच व्हायचं ना?' असं तिनं शारदाला विचारलं म्हणे. महिनाभर ते आमच्याकडं होते, ही शाळेतून आली की त्यांच्या खाटेशी बसून त्यांना धडा वाचून दाखवायची. मी शारदाला म्हटलं, मुलं नकला करतात, जाईल चार दिवसांत.

देवीचा अंगारा पाठव. दवाखान्यात नोकरी करणारा माणूस अंगारा मागतो म्हणून हसशील. हस, आणि हसलीस ते विष्णूला कार्डात लिहायला सांग. तू हसल्याचं कळून बरेच दिवस झाले.

तुझा,
बाबू


उमरगा,
ता. २२ सप्टेंबर १९५८

ती. अक्कास,

तुझ्या पायांवर डोकं.

अंगारा पोचला, आवळासुपारीही. 'अंगारा कपाळाला आणि सुपारी तोंडात, कंपौंडरनं उलटं करू नये' हे अक्षर विष्णूचं असलं तरी बोलणं तुझंच, हे ओळखलं. शारदा पोट धरून हसली. चारूही हसली. मग तिनं विचारलं, "आत्यानं आणखी काय लिहिलंय? माझ्याबद्दल?" मी म्हटलं, आशीर्वाद लिहिलाय. तिनं कार्ड माझ्या हातातून घेऊन दोन्ही बाजूंनी वाचलं, पत्त्यासकट.

गणपतीत मोदक केले होते. दरवर्षी ती मोजून खाते आणि मोजण्यात चुकते. यंदा वास घेऊनच तोंड फिरवलं. फ्रॉक खांद्यावरून उतरायला लागला आहे. शारदानं दोन टाके घातले आणि टाके घालताना रडली.

आता ती स्वतःला तपासते. सकाळी आरसा घेऊन उजेडात जाते, खालची पापणी ओढून डोळा पिवळा झाला का बघते. नखं उन्हात धरते. दवाखान्यातल्या घड्याळासमोर उभी राहून स्वतःची नाडी मोजते. "नाना, ब्याऐंशी. काल ऐंशी होती." मी म्हणतो, पळत आली असशील. ती म्हणते, "मी पळतच नाही आता."

बाकड्यावर बसलेल्या रोग्यांनाही सोडत नाही. परवा बलसूरहून कडूबाई आली होती. ही म्हातारी नेहमी रॉकेलची शिशी धुऊन औषधाला आणते आणि मी नेहमी तिच्याशी भांडतो. चारूनं तिला गाठलं. तुम्हाला ढवळतं का, सकाळी की संध्याकाळी, तोंड कडू होतं का, किती दिवसांपासून? कडूबाईनं सगळी उत्तरं दिली आणि मग मला ओरडून विचारलं, "ओ कंपौंडर, डाक्तर लई बारीक झालाय की औंदा! सुई बी ह्योच देतो का?" सगळा दवाखाना हसला. चारू मात्र विचारतच होती, "आणि तुमच्या घरी कुणाला असं होऊन कुणी गेलं का?" कडूबाईनं शिशी उचलली. जाताना तिनं चारूच्या डोक्यावर हात ठेवला, मला म्हणाली, "पोरीला कायतरी भ्या हाय. दवा न्हाय लागायची हिला."

डॉक्टरसाहेबांनी शनिवारी नीट तपासलं. पोट मऊ, ताप नाही, डोळे स्वच्छ. म्हणाले, शाळेची भीती असेल, मास्तर मारतो का बघ. मी शाळेत गेलो. उत्तरेश्वर गुरुजी म्हणाले, "चारुशीला? अहो, ती शाळेला भीत नाही, शाळा तिला भिते. माझ्या फळ्यावरच्या चुका तीच काढते." मग म्हणाले, "हल्ली काढत नाही, हे खरं."

डॉक्टरसाहेबांनी मळमळीवरचं मिक्स्चर लिहून दिलं. तेच, पुदिन्याच्या अर्काचं, दाजींना द्यायचो ते. मी स्वतः केलं. तुला आठवत असेल, बाटलीला उभी कागदी पट्टी डकवायची असते, कडेनं खाचा कापलेली. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. चारूनं बाटली उजेडात धरली, बोट ठेवून खाचा मोजल्या आणि विचारलं,

"ही पट्टी कुणी कापली, नाना?"

"मी."

"सगळीच?"

"सगळी."

तिनं बाटली फळीवर ठेवली. अजून तिथंच आहे. एक थेंब प्यायलेली नाही. शारदानं रागावून पाहिलं, मी गोडीनं सांगून पाहिलं. "मला नको. मला बरं आहे," म्हणते आणि पोटावर हात ठेवते.

तुला माहीत आहे, सहा वर्षांची होती तेव्हापासून ती माझ्याजवळ बसून रद्दी कागदाच्या पट्ट्या कापायची. चारच्या आणि आठच्या तर माझ्यापेक्षा सुबक. कागद दुमडत गेलं की चार आणि आठ आपोआपच होतात. सहाची तेवढी अवघड. आधी कागदाचे तीन सारखे भाग करावे लागतात, ते बोटांच्या अंदाजानंच. म्हणून सहाची मी तिला कधी देत नसे. आता ती कात्रीला हातही लावत नाही. मी विचारलं नाही, का ते.

त्या मंगळवारी दवाखान्यात इतकी गर्दी होती, अक्का, की

असो. टपालाची वेळ झाली. पळी अजून इथंच आहे. विष्णूला सांग, चारूसाठी देवीसमोर एक नारळ ठेव.

तुझा,
बाबू


उमरगा,
ता. ३ ऑक्टोबर १९५८

ती. अक्का,

नमस्कार. हे पत्र पाकिटात घालतो आहे आणि पाकीट खळीनं दोनदा चिकटवतो आहे. विष्णूला वाचायला देऊ नको. तुला वाचायला वेळ लागतो, डोळ्यांना त्रास होतो, हे ठाऊक आहे. तरी स्वतः वाच. गेल्या दोन पत्रांत जे लिहिलं ते सगळं खरं होतं. जे लिहिलं नाही ते आता लिहितो.

काल गांधी जयंतीची सुट्टी होती. चारूचं दप्तर फाटलं म्हणून शारदानं शिवायला काढलं. आत पुस्तकांच्या खाली कागदाच्या पट्ट्या निघाल्या. जुन्या वहीची पानं, वर्तमानपत्र, विड्यांच्या पुड्याचा कागद, जे हाती लागलं त्याच्या. शारदानं ओंजळ भरून माझ्यापुढं टाकल्या. मी एकेक मोजली. सगळ्या सहाच्या होत्या. शंभरावर असतील. एकही चुकलेली नव्हती.

दुपारी दवाखाना बंद होता. मी चारूला बाकड्यावर माझ्याशेजारी बसवलं.

"या कशाला कापल्यास?"

"सवय व्हावी म्हणून."

ती पायांकडं बघत म्हणाली, "मामांच्या बाटलीला मी चारची लावली होती."

"मला ठाऊक आहे, बाळ."

"तुम्हाला ठाऊक आहे, हे मलाही ठाऊक आहे."

अक्का, आता सगळं सांगतो. दाजी गेले त्याच्या दोन दिवस आधीचा तो मंगळवार. हैदराबाद रस्त्यावर ट्रक उलटला होता. मजूर बसलेले होते त्यात, अकरा माणसं एकदम आली. डॉक्टरसाहेब टाके घालत होते, मी पट्ट्या बांधत होतो, माझे हात कोपरापर्यंत भरलेले. तेवढ्यात तू मागच्या दारातून म्हणालीस, बाबू, यांची बाटली संपली. मी तसाच उठलो, हात धुतले, मिक्स्चर भरलं. दोन दिवसांचं, दिवसाला तीन, म्हणजे सहा डोस. आणि दाराशी उभ्या असलेल्या चारूला म्हटलं, "सहाची काप आणि डकवून आत दे." मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. तिला सहाची येत नाही, हे मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. पण त्या गर्दीत, त्या रक्तात, मला हाक मारायची तिची हिंमत झाली नाही. तिला जी येत होती ती तिनं कापली. सहा डोसांचं औषध चार खाचांत आलं, म्हणजे प्रत्येक डोस दीडपट.

गुरुवारी पहाटे दाजी गेले. संध्याकाळी दहनाहून परतल्यावर मी खोली आवरायला घेतली. बाटली रिकामी होती. बुधवारीच संपलेली असणार. आणि पट्टीवर चार. मी बाटली पाण्यात भिजवली, पट्टी नखानं सोडवली आणि चुलीत घातली. कागद ओला होता, लगेच पेटला नाही. मी फुंकर घातली. वर पाहिलं तर दारात चारू.

मी पुन्हा फुंकर घातली. दुसऱ्या दिवशी झेंड्याखाली तिला उलटी झाली.

मी पट्टी का जाळली? दवाखान्याचा नियम आहे, पट्टी कंपौंडरनंच कापायची. नोकरीची भीती वाटली, हे एक. दुसरं जास्त खरं आहे. तू विचारशील आणि मला सांगावं लागेल, याची भीती वाटली. आईच्या मागं तू मला वाढवलंस. तुझा नवरा माझ्याकडं बरं व्हायला आला आणि माझ्या घरातून गेला. त्यात हे कसं सांगू?

चारूला मी समजावलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी आधीच हात टेकले होते, मामांच्या पोटात पाणी झालं होतं, आणि ते मिक्स्चर म्हणजे पुदिना आणि सोडा, त्यानं कुणाला काही होत नाही. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली,

"मग तुम्ही पट्टी चुलीत का घातली?"

मी समोरच्या पट्ट्या गोळा करायला लागलो.

"आत्याला सांगितलं?"

"नाही."

"आत्याला कळलं तर ती मला घरात घेईल?"

अक्का, मग मी तिला सोडून मागच्या खोलीत जाऊन बसलो.

आज सकाळी डॉक्टरसाहेबांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "अख्खी बाटली एका दमात प्यायले असते तरी एक ढेकर आली असती, बाबूराव. यकृत गेलेलं होतं. पण पट्टी जाळलीत हे वाईट केलंत. तुम्ही जाळली म्हणून पोरीला वाटलं की जाळण्यासारखं काही आहे." नोकरी राहिली. चारूनं मिक्स्चरच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम झाला. तो योग्यच आहे.

साहेबांचं बोलणं मी चारूला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "ते तुमचे साहेब आहेत. तुमच्याच बाजूनं बोलणार."

तेव्हा आता माझ्या शब्दाचा उपयोग नाही, साहेबांच्या नाही. तुझा होईल. चारूला चार ओळी लिही. तुला राग येणारच. तो माझ्यावर काढ, पुढच्या एस.टी.नं येऊन समोर काढ, मी खाली मान घालून ऐकेन. पण एक विनवणी आहे. तिच्याबद्दल तुझ्या मनात किंतु राहिलाच असेल, तर किंतु नाही असं लिहू नको. पत्ता आणि कार्डसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचणारी पोर आहे, ती ओळखेल.

या खेपेला पत्त्यावर काय लिहावं ते अजून सुचलेलं नाही.

तुझ्या माफीची आशा न धरता,
बाबू


तुळजापूर,
ता. ८ ऑक्टोबर १९५८

चि. चारूस,

आत्याचे पोटभर आशीर्वाद. माझं अक्षर हे असं आहे. हसू आलं तर हस. विष्णूकडून लिहून घेतलं नाही, कारण जे सांगायचं आहे ते त्यालाही ठाऊक नाही, आणि तुझ्या नानालाही नाही. हे पत्र तूच वाच. तो वाचून दाखवतो म्हणाला तरी देऊ नको.

देवी नवरात्राआधीच्या निद्रेत आहे. पाच दिवसांनी घट बसतील आणि मग इथं पाय ठेवायला जागा उरणार नाही. आज दुपारी घर शांत आहे म्हणून लिहायला बसले. तीन कागद फाडून झाले.

तुझ्या नानानं मला सगळं लिहिलं. सहाची, चारची, सगळं. वाचून मी काय केलं सांगू? आधी रडले. मग मला हसू आलं. मग विष्णूच्या बायकोला वाटलं मला काहीतरी झालं.

आता ऐक. मामा पेल्यातून औषध घेतच नव्हते. पेला तोंडाशी नेला की वासानंच त्यांना उमळायचं. पहिल्याच दिवशी अर्धं औषध माझ्या पदरावर आलं. तुझ्या नानाला सांगितलं असतं तर तो बिचारा आणखी कडू काहीतरी घेऊन आला असता. म्हणून मी माझी पूजेची पळी काढली. पळीनं त्यांच्या तोंडात घालायचे आणि म्हणायचे, तीर्थ आहे. चाळीस वर्षं लोकांच्या हातावर तीर्थ घालणारा माणूस तो. तीर्थाला पुदिन्याचा वास येत नाही हे त्यांना कळत नव्हतं होय? पण डोळे मिटायचे आणि घ्यायचे. एकदा म्हणाले, "वनमाला, तुझी देवी पानाची टपरी चालवते वाटतं." तू शाळेत गेलीस की तीन पळ्या, आणि संध्याकाळी तू परसात खेळायला गेलीस की तीन. तुझा नाना आला की मी पळी पदराखाली घ्यायचे.

पट्टीकडं मी एकदाही बघितलं नाही, चारू. ती चारची होती की सहाची की सोळाची, देवीशपथ, तुझ्या नानाचं पत्र येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

आणि बाटली रिकामी मामांनी केली नाही. मी केली. बुधवारी संध्याकाळी त्यांनी पळीलासुद्धा तोंड उघडलं नाही. नुसती मान हलवली. तुझा नाना येऊन विचारेल, औषध का उरलं, म्हणून मी उरलेलं सगळं मोरीत ओतलं. निम्म्याच्या वर होतं.

आता दुसरं ऐक, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. पहाटे ते गेले तेव्हापासून माझ्या मनात एकच. बाबूनं मोजून दिलेलं औषध मी त्यांच्या पोटात पुरतं जाऊ दिलं नाही, माझ्या पळीच्या शहाणपणानं ते गेले. ती पळी मी तुमच्याकडं विसरले नाही. ठेवून आले. देवापुढं परत तिनं पाणी घालायचा मला धीर होईना. विष्णूची बायको रोज विचारते, काकू, जेवत का नाही? मी म्हणते, ढवळतंय.

तू शाळेत पहिली येतेस, तर हे गणित सोडव. तुला वाटतं जास्त औषध गेलं म्हणून मामा गेले. मला वाटतं कमी गेलं म्हणून गेले. एकाच माणसाला, एकाच बाटलीतलं. दोन्ही कसं खरं होईल? मी दोन दिवस विचार करते आहे, मला उत्तर एकच येतं. तुझं काय येतं ते मला कळव.

मोठी मी आहे, म्हणून आधी मी लिहिते. चारू, तुझ्यामुळं नाही. तुझा धडा ऐकायला मिळावा म्हणून ते दुपारी झोपत नव्हते. मी रागवायचे तर ते म्हणायचे, पोरगी येईल, मी झोपलेला दिसलो तर परत जाईल. तुझ्यामुळं ते दुपारी जागे राहिले. तुझ्यामुळं झालं असेल तर एवढंच.

आता तू लिही. 'आत्या, तुझ्यामुळं नाही', एवढंच लिही, बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल. पण तुला तसं वाटत असेल तरच लिही. मलाही ओळखता येतं.

तुझ्या नानाला माझा निरोप सांग. म्हणावं, तू पट्टी चुलीत घातलीस, मी औषध मोरीत ओतलं. आईनं दोघांना चांगलंच वळण लावलं होतं. म्हणावं, मला राग आला होता, सोमवारी दुपारपर्यंत होता. आणि माझ्या नावापुढं काय लावावं म्हणून अडून बसतोस, तर नुसतं 'अक्का, तुळजापूर' लिही. पोस्टमन मला ओळखतो.

दिवाळीच्या सुट्टीत तू इकडं ये. या वर्षी आपल्याकडं फराळ नाही, दिवे नाहीत. पण तू आणि मी देवळाच्या पायऱ्यांवर बसू, तिथं ऊन चांगलं येतं. मी तुला सगळ्या दुकानांतल्या बांगड्या दाखवीन. येताना पळी तूच घेऊन ये, दुसऱ्या कुणाबरोबर पाठवू नको. तुझ्या आईला म्हणावं, आता घासू नको. वास राहू दे.

आज मी भाकरीचा एक तुकडा जास्त खाल्ला, तुला पत्र लिहायचं म्हणून. तू हे वाचून झाल्यावर खा. आधी लिही आणि मग खा, किंवा आधी खा आणि मग लिही, माझी काही हरकत नाही.

पळी ठेवून आलेली,
तुझी आत्या